पाठीवरचा पंप : नांदेड-लातूरमधील फवारणीचे काम आणि ते करणारी माणसे

पीकसंरक्षणाचा विचार सामान्यतः तीन बाजूंनी केला जातो. कोणत्या पिकावर कोणती कीड येते, तिच्यावर कोणते रसायन चालते आणि त्यासाठी एकरी किती खर्च येतो, या तीन प्रश्नांची उत्तरे कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत, कृषी विभागाच्या पत्रकांत आणि कंपन्यांच्या जाहिरातींत विपुल सापडतात. मात्र दुकानातल्या बाटलीतले रसायन पिकाच्या पानापर्यंत जो माणूस पोचवतो, त्याच्या कामाचे स्वरूप काय, त्याला कोणते कौशल्य लागते, त्या कामाचा त्याच्या शरीरावर कोणता परिणाम होतो आणि कायदा त्याला कोण म्हणून ओळखतो, हा चौथा प्रश्न बराचसा अनुत्तरित राहिला आहे. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात त्याच प्रश्नाची ओळख करून देणे हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

फवारणी करणारा हा एकच एक वर्ग नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. स्वतःच्या दोन-तीन एकरांत स्वतःच पंप घेणारा अल्पभूधारक, मालकाच्या घरी वर्षभरासाठी बांधलेला सालगडी, पंपामागे किंवा दिवसाप्रमाणे पैसे घेणारा रोजंदार आणि चार-पाच गड्यांची टोळी जमवून गुत्त्याने फवारणी करून देणारा माणूस, असे त्याचे निदान चार प्रकार या भागात दिसतात. त्यांतला पहिला शेतकरी म्हणून सरकारी नोंदीत असतो. उरलेल्या तिघांना फवारणी करणारा म्हणून कोणत्याही दप्तरात जागा नाही. पुढील विवेचनाचा मुख्य रोख या तिघांवर आहे.

दोन्ही जिल्हे शेजारी असले तरी त्यांची पीकरचना वेगळी असल्याने फवारणीचे कामही वेगळे आहे. नांदेड हा जुना कापूस-मुलूख होय. निजामाच्या काळातील उस्मानशाही मिल आणि येथील कापूस संशोधन केंद्र, ज्यातून एनएचएच ४४ हे गाजलेले संकरित वाण बाहेर पडले, ही त्याची साक्ष आहे. त्याआधी या भागात होत असलेला गावरानी हा देशी कापूस मावा आणि तुडतुडे यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींना बऱ्यापैकी तोंड देत असे. संकरित वाणे आली, रासायनिक खत वाढले, पऱ्हाटी दाट व लुसलुशीत होऊ लागली आणि तिच्याबरोबर फवारणीही वाढत गेली. किनवट, माहूर, हदगाव, हिमायतनगर, भोकर या पट्ट्यात आजही कापूस हे महत्त्वाचे पीक आहे, तर अर्धापूरच्या परिसरात केळी आणि हळद यांच्यामुळे बुरशीनाशकांची आणि कंदमाशीविरुद्धच्या औषधांची भर पडते. लातूर जिल्ह्याचे चित्र सोयाबीन आणि तूर यांनी व्यापलेले आहे. तेथे खोडमाशी, चक्रीभुंगा, उंटअळी आणि तंबाखूवरील पाने खाणारी अळी यांच्यासाठी पावसाळ्यात आणि तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी पुढे हिवाळ्यात पंप बाहेर निघतो. २०२२ च्या खरिपात लातूर आणि शेजारच्या जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी कोवळे सोयाबीन खाऊन टाकले, तेव्हा मेटाल्डिहाइडच्या गोळ्या बांधाबांधाने पसरण्याचे कामही याच माणसांच्या हाती आले.

फवारणीचे काम कसे चालते ते जरा जवळून पाहणे आवश्यक आहे, कारण धोका कोठे आहे याविषयीचा सार्वत्रिक समज चुकीचा आहे. पाठीवरचा साधा किंवा बॅटरीचा पंप पंधरा-सोळा लिटरचा असतो आणि भरल्यावर त्याचे वजन वीस किलोच्या आसपास जाते. मोठ्या झालेल्या पिकाला एकरी सुमारे दोनशे लिटर पाणी लागते, म्हणजे बारा-तेरा पंप. एका वेळी एक मीटर रुंदीचा पट्टा भिजतो असे धरल्यास एका एकरात केवळ ओळींमधून चालण्याचे अंतर चार किलोमीटर भरते, आणि ते काळ्या रानातल्या चिखलातून, पाठीवर ओझे घेऊन चालायचे असते. प्रत्येक पंप भरताना बाटली उघडायची, झाकणाने किंवा मापाने औषध मोजायचे, बादलीत थोड्या पाण्यात ते काडीने ढवळायचे, गाळून पंपात ओतायचे आणि वर पाणी भरायचे, हा क्रम तितक्याच वेळा होतो. सर्वांत तीव्र रसायन हाताशी येते ते या घटकेला. फवाऱ्यातील द्रावण त्याच्या शेकडो पटींनी पातळ असते. तरीही तोंडाला रुमाल बांधला जातो तो फवारताना, आणि औषध कालवताना हात बहुधा उघडेच असतात. नोझल, म्हणजे फवाऱ्याची तोटी, गाळाने तुंबली की ती तोंडाने फुंकून मोकळी करण्याची सवय तर इतकी सहज झालेली आहे, की करणाऱ्यालाही ती जाणवत नाही.

शरीरात विष जाण्याचा मुख्य मार्ग नाक नसून त्वचा आहे, ही बाब येथे ठळकपणे मांडली पाहिजे. पंपाचे झाकण किंवा पट्ट्याजवळचा सांधा गळत असेल तर पाठ आणि कंबर ओली होते. माणूस पुढे चालत आपल्यासमोरच फवारा मारत असल्याने नुकत्याच भिजलेल्या पानांना त्याच्या मांड्या घासत राहतात. शरीराच्या सर्व भागांची त्वचा सारखी नसते. तळहाताच्या किंवा हाताच्या त्वचेपेक्षा काख, जांघ आणि गुप्तांगाजवळच्या पातळ त्वचेतून रसायन कितीतरी पटींनी वेगाने शोषले जाते, आणि उकाड्यात घामाने ही गती आणखी वाढते. मराठवाड्यात फवारणीचा जोर असतो तो श्रावण-भाद्रपदातल्या दमट दिवसांत आणि त्यानंतरच्या ऑक्टोबरच्या उन्हात. अंगाला चिकटलेला ओला कपडा दिवसभर तसाच राहतो आणि संध्याकाळी तो घरच्या इतर कपड्यांबरोबर धुतला जातो. धुणारी बहुधा घरातली स्त्री असते. पंपासाठी विहिरीवरून किंवा नाल्यावरून पाणी वाहून आणण्याचे कामही पुष्कळदा स्त्रियाच करतात आणि फवारलेल्या रानात एक-दोन दिवसांतच खुरपणीला किंवा वेचणीला त्याच उतरतात. फवारणीनंतर शेतात पुन्हा शिरण्यापूर्वी किती काळ जाऊ द्यावा, या कालावधीची संकल्पना शास्त्रात आहे, परंतु गावातल्या मजुरीच्या व्यवहारात तिचा मागमूस नाही. त्यामुळे फवारणीच्या विषबाधेकडे केवळ पुरुषांचा प्रश्न म्हणून पाहणे अपुरे ठरते.

विषबाधेचे स्वरूप समजण्यासाठी एक तांत्रिक मुद्दा लक्षात घ्यावा लागतो. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील, म्हणजे सेंद्रिय स्फुरदयुक्त, कीटकनाशके किडीच्या मज्जासंस्थेवर काम करतात. दुर्दैवाने मज्जातंतूंचा संदेश थांबवणारे जे विकर, म्हणजे कोलिनएस्टरेज, ते किडीत असते तसेच माणसातही असते. ते निकामी झाले की संदेश थांबत नाही. घाम आणि लाळ सुटते, डोळ्यांची बाहुली बारीक होते, उलट्या होतात, स्नायू फडफडू लागतात आणि शेवटी श्वास अडतो. अशा रुग्णाला ॲट्रोपिन वेळेत मिळाले तर तो वाचण्याची शक्यता चांगली असते. परंतु सर्व विषांना उतारा नसतो. तणनाशक म्हणून वापरल्या जाणाऱ्या पॅराक्वॅटला कोणताही खात्रीचा उतारा उपलब्ध नाही, आणि डायफेन्थियुरॉनसारख्या औषधाच्या बाधेतही डॉक्टरांना केवळ लक्षणांवर उपचार करावे लागतात. याशिवाय ज्यात माणूस कोसळत नाही अशी सौम्य बाधा फार व्यापक आहे. डोके जड होणे, डोळ्यांपुढे अंधारी, अंगाची आग, मळमळ या तक्रारींवर गूळ-पाणी किंवा लिंबू घेऊन माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा पंप उचलतो, आणि आधीच कमी झालेले विकर भरून येण्यापूर्वीच नवा मारा सुरू होतो.

या सगळ्याचा भीषण प्रत्यय महाराष्ट्राला २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात आला. त्या हंगामात कापूस फवारणाऱ्या वीसहून अधिक शेतकऱ्यांचा आणि मजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. पऱ्हाटी माणसाच्या खांद्याला लागेल इतकी वाढलेली होती, त्यामुळे फवारा वर उडवावा लागत होता आणि तो परत अंगावर येत होता. दोन-दोन, तीन-तीन औषधे एकत्र कालवली जात होती. आणि हवा दमट व कुंद होती. शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर विदर्भातील पाच जिल्ह्यांत साठ दिवसांची बंदी घातली. माहूर आणि किनवट तालुक्यांना यवतमाळपासून पैनगंगा वेगळी करते; नदीच्या दोन्ही तीरांवर पीक तेच, पंप तेच आणि पद्धतही तीच. असे असूनही तात्पुरती बंदी मात्र अलीकडच्या तीरापर्यंत आली नाही, यावरून या प्रश्नाकडे रोगाची साथ आल्यासारखे पाहिले गेले, कामाच्या पद्धतीचा दोष म्हणून पाहिले गेले नाही, असे म्हणणे प्राप्त आहे.

२०१७ चे संकट अचानक आले नव्हते. १९९० च्या दशकात हिरवी बोंडअळी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधांना दाद देईनाशी झाली आणि देशात वापरल्या जाणाऱ्या कीटकनाशकांपैकी जवळपास निम्मी एकट्या कापसावर खर्ची पडू लागली. २००२ मध्ये बीटी कापसाला, म्हणजे अळीला मारक असे प्रथिन स्वतःच तयार करणाऱ्या कापसाला, व्यापारी परवानगी मिळाल्यावर काही वर्षे फवारण्या खरोखर घटल्या. पुढे मात्र रस शोषणाऱ्या किडी वाढल्या, गुलाबी बोंडअळीने बीटीला प्रतिकार कमावला आणि पंप पुन्हा पाठीवर आला. केशव क्रांती आणि ग्लेन डेव्हिस स्टोन यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कीटकनाशकांवरील भारतीय कापूस उत्पादकांचा हेक्टरी खर्च बीटीपूर्व काळाच्याही वर गेल्याचे दाखवले आहे. खर्चाची ही वाढ अर्थशास्त्राच्या पुस्तकात आकडा म्हणून येते. शेतात ती कोणाच्या तरी पाठीवरच्या जादा पंपांच्या रूपाने येते.

कधी फवारायचे आणि काय फवारायचे हे ठरवतो कोण, हा यापुढचा प्रश्न आहे, आणि या विषयातला सर्वांत कळीचा प्रश्न तोच म्हणावा लागेल. २००८ च्या खरिपात मराठवाडा आणि विदर्भात पाने खाणाऱ्या अळ्यांनी सोयाबीनचा फडशा पाडला. त्यानंतर २००९ पासून राज्यात पिकांवरील कीड-रोगांचे सर्वेक्षण आणि सल्ला देणारा क्रॉपसॅप हा प्रकल्प सुरू झाला. आर्थिक नुकसानीची पातळी हा त्याचा पाया आहे, म्हणजे किडीची संख्या अमुक मर्यादेपुढे गेली तरच फवारणीचा खर्च वसूल होतो, त्याआधी होत नाही. उदाहरणार्थ, कामगंध सापळ्यात गुलाबी बोंडअळीचे आठ पतंग सलग तीन रात्री सापडले किंवा दहा टक्के फुले-बोंडे किडकी आढळली तरच औषध मारावे, अशी शिफारस आहे. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ असे सल्ले नियमितपणे देते आणि ते चांगले असतात. परंतु जो माणूस प्रत्येक ओळीतून चालतो, ज्याला कोणत्या कोपऱ्यात अळी आहे आणि कोणत्या नाही हे सर्वांत आधी दिसते, त्याला हा सल्ला कोणी देत नाही. मालक कृषी सेवा केंद्रात जातो, दुकानदार कीटकनाशक, बुरशीनाशक आणि टॉनिक यांचा जोड हाती ठेवतो, आणि मजुराला फक्त पंपाला किती झाकणे घालायची एवढेच सांगितले जाते. पंपाचा प्रकार बदलला की तेही चुकू शकते. पेट्रोलवर चालणारा पॉवर स्प्रे पाणी कमी वापरतो, म्हणून त्याच्या पंपाला औषधाचे प्रमाण साध्या पंपाच्या तिप्पट घ्यावे असे शिफारशी सांगतात. याचा अर्थ त्या फवाऱ्याचा प्रत्येक थेंब तिप्पट तीव्र असतो, आणि तो अधिक बारीक असल्याने वाऱ्यावर अधिक तरंगतो. ही गोष्ट पंप विकणाऱ्याने चालवणाऱ्याला समजावून सांगितली, असे क्वचितच घडते.

बाटलीवरील सूचना या अडचणीवर पुरेसा उपाय आहे, असे मानले जाते. कायद्यानुसार प्रत्येक डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो : लाल म्हणजे अतितीव्र विषारी, पिवळा म्हणजे तीव्र, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे सौम्य. योजना साधी आणि उत्तम आहे, पण बारीक अक्षरांतील घडीचे माहितीपत्रक बांधावर उलगडून कोणी वाचत नाही. शिवाय हिरवा रंग म्हणजे निर्धोक असा अर्थ सर्रास लावला जातो, जो पूर्णतः चुकीचा आहे.

आता कायद्याकडे वळता येईल. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक अन्नात मिसळले जाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या दुर्घटनेच्या चौकशीतून पुढे कीटकनाशक कायदा, १९६८ आणि त्याखालील १९७१ चे नियम जन्माला आले. नियम वाचल्यास आश्चर्य वाटावे इतके ते तपशीलवार आहेत. फवारणीसह कीटकनाशकांशी संबंध येणाऱ्या कामगारांची वैद्यकीय तपासणी, ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट हाताळणाऱ्यांच्या रक्तातील कोलिनएस्टरेजची दरमहा मोजणी, संरक्षक कपडे, श्वसनसाधने, प्रथमोपचार, उतारा आणि प्रशिक्षण या सर्वांची तरतूद त्यांत आहे. मात्र याच कायद्याचे अडतिसावे कलम स्वतःच्या लागवडीखालील जमिनीवरील वापराला कायद्यातून वगळते. कारखान्यात औषध भरणारा कामगार कायद्याच्या आत, शहरात वाळवी मारणारा व्यावसायिक परवान्याच्या आत, आणि भोकरच्या शिवारात दुसऱ्याच्या रानात दिवसभर फवारणारा गडी व्यवहारात दोन्हींच्या बाहेर, अशी ही रचना आहे. अमेरिकेत १९७२ च्या दुरुस्तीपासून अधिक घातक औषधे केवळ प्रमाणित फवारणीकारानेच किंवा त्याच्या देखरेखीखालीच वापरावीत असे बंधन आहे. हिरवळ, झाडे आणि शेती यांसाठी तेथे वेगवेगळी प्रमाणपत्रे घ्यावी लागतात. भारतात ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर केवळ परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फत व्हावा असा आदेश केंद्राने काढला, तेव्हा एका शेती-औषधाबाबत फवारणाऱ्याची पात्रता विचारली गेली. पण औसा किंवा निलंग्याच्या खेड्यात असा परवानाधारक शोधूनही सापडणार नाही. माणसे घडवण्याआधी काढलेला आदेश कागदावरच राहतो.

ड्रोनचे उदाहरण याच्या शेजारी ठेवून पाहावे. २०२१ च्या अखेरीस केंद्राने ड्रोनने फवारणी करण्याची कार्यपद्धती जाहीर केली आणि २०२३ मध्ये पंधरा हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर झाली. ड्रोन उडवणाऱ्याला प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागते, आणि ते योग्यच आहे. त्याच्या अंगावर औषध जवळजवळ येत नाही. ज्याच्या अंगावर ते रोज येते त्याला मात्र एका दिवसाचेही प्रशिक्षण सक्तीचे नाही. शहरातील फवारणीकडे येथे थोडक्यात पाहणे पुरे. नांदेड आणि लातूरच्या महापालिकांत धूरफवारणी करणाऱ्या, बागा आणि रस्त्याकडेची झाडे सांभाळणाऱ्या कामगारांची औषधे बहुधा कमी तीव्र असतात आणि त्यांना निदान एक कार्यालय तरी असते, परंतु कंत्राटी पद्धत वाढल्यापासून त्यांची आणि शेतमजुरांची स्थिती झपाट्याने सारखी होत चालली आहे.

हातमोजे, चष्मा, मास्क, गमबूट आणि ॲप्रन यांचा संच वाटणे हा या प्रश्नावरील नेहमीचा सरकारी आणि कंपन्यांचा उपाय आहे. तो निरर्थक नाही. औषध कालवताना नायट्राइलचे हातमोजे घातले तरी बाधेचा मोठा भाग टळतो आणि फुल बाह्यांचा सुती सदरा व स्वच्छ पाणी-साबण यांची किंमत फार नसते. तथापि पस्तीस अंश तापमानात, चिखलात, वीस किलो वजन पाठीवर घेऊन पूर्ण संच घालून दिवसभर चालणे मानवी शरीराला झेपणारे नाही, आणि तो न घातल्याबद्दल मजुरालाच दोषी धरणे हे अन्यायाचे आहे. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या कीटकनाशकविषयक आंतरराष्ट्रीय आचारसंहितेत यासंबंधीचे तत्त्व स्पष्ट आहे : ज्या औषधांसाठी अवघड, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधने लागतात, ती उष्ण हवामानातील लहान शेतकऱ्यांच्या आणि शेतमजुरांच्या हाती देणेच टाळावे. या तत्त्वाने पाहता लाल त्रिकोणाची औषधे बाजारातून काढून घेणे हाच पहिला उपाय ठरतो आणि मास्क त्यानंतर येतो. २०११ मध्ये एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, २०१८ मध्ये केंद्राने मिथाइल पॅराथिऑन, फोरेट, ट्रायझोफॉस यांच्यासह अठरा औषधांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली. दिशा योग्य आहे, वेग अपुरा आहे.

शेवटचा मुद्दा भरपाईचा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशके हाताळताना झालेल्या विषबाधेचा समावेश आहे आणि मृत्यू झाल्यास कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. परंतु त्यासाठी सातबाऱ्यावर नाव असलेला खातेदार किंवा त्याच्या कुटुंबातील व्यक्ती असावी लागते. एकाच बांधावर, एकाच बादलीतून औषध घेतलेल्या मालकाच्या घरच्यांना हे अनुदान मिळेल, त्याच्या भूमिहीन सालगड्याच्या घरच्यांना मिळणार नाही. १९६८ च्या कायद्याचे सव्विसावे कलम विषबाधेची प्रत्येक घटना कळवण्याची सक्ती करण्याचा अधिकार राज्य शासनाला देते. त्या अधिकाराचा पूर्ण वापर करून दोन्ही जिल्ह्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून नांदेड आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांपर्यंत फवारणीतील बाधेची स्वतंत्र नोंद ठेवली गेली, ग्रामपंचायतीत फवारणी करणाऱ्यांची यादी झाली आणि अनुदानाची अट सातबाऱ्याऐवजी कामावर आधारली गेली, तर नवा कायदा न करताही पुष्कळ काही साधेल. तोपर्यंत ज्यांच्या रानात परक्या माणसाच्या पाठीवर पंप चढतो, त्या प्रत्येक शेतकऱ्याला एवढेच सांगणे आहे, की औषध कालवण्यासाठी हातमोज्यांचा जोड आणि धुण्यासाठी साबण बांधावर ठेवावा, फवारणीनंतर दुसऱ्याच दिवशी बायांना रानात उतरवू नये, आणि कोणाला चक्कर आली तर त्याला दवाखान्यात नेताना औषधाचा डबा लेबलासह सोबत न्यावा, कारण कोणता उपचार करायचा हे डॉक्टरला त्या लेबलावरूनच कळते.